उन्हात वितळलेली अक्षरं



आज ज्या वस्तूबद्दल लिहितेय ती बहुतेक तुमच्याही घरात असेल. काळी, चकचकीत, वजनाला हलकी पाटी. प्लॅस्टिकच्या काडीने लिहिलं की हिरवी अक्षरं उमटतात आणि वरचं बटण दाबलं की सगळं एका क्षणात गायब. दुकानदार तिला एलसीडी पाटी म्हणतो, मुलं मॅजिक पाटी म्हणतात. वाशिमच्या बाजारात शंभर-दीडशे रुपयांत मिळते. वाढदिवसाला हमखास येणारी भेट.

या पाटीपायी मागच्या एप्रिलात माझ्याकडून एक चूक झाली. आधी ती सांगते, मग पाटीकडे वळू.

आमची वाडीवस्तीची जिल्हा परिषद शाळा. सकाळची शाळा सुरू झाली होती. मी चौथीला 'माझं गाव' या विषयावर पंधरा वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी एक मुलगी पाटी घेऊन समोर आली. पाटी कोरी. वही संपली होती आणि वर्ष संपता संपता नवी घेतली नव्हती, म्हणून तिने पाटीवर लिहिलं होतं. मी विचारलं, "कुठंय लिहिलेलं?"

ती म्हणाली, "मॅडम, म्या लिवलं होतं. उन्हात वितयलं."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि वर म्हणाले, "बटण दाबून पुसलंस आणि आता उन्हाचं नाव सांगतेस होय?" ती काही बोलली नाही. जागेवर जाऊन बसली आणि शाळा सुटेपर्यंत तिने मान वर केली नाही.

घरी आल्यावर मला चैन पडेना. खोटं बोलायचं असतं तर 'भावानं पुसलं' म्हणणं सोपं होतं. 'वितळलं' हा शब्द तिला सुचला कसा? माझ्या मुलाची तशीच पाटी घेतली, त्यावर तीन ओळी लिहिल्या आणि दुपारी एक वाजता गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवली. एप्रिलातलं आपल्याकडचं ऊन, काळी पाटी आणि खाली तापलेला पत्रा. अर्ध्या तासाने पाहायला गेले तेव्हा पाटी हातात धरवत नव्हती. अक्षरं नव्हती. सावलीत आणून थंड केली, तरी परत आली नाहीत. बटणाला मी हातही लावला नव्हता.

मुलगी खरं बोलत होती. आणि पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं की तिने निवडलेला शब्दसुद्धा अगदी बरोबर होता. अक्षरं वितळलीच होती.

आता हे कसं, ते समजून घेऊ. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, पदार्थविज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. त्यामुळे मला जसं समजलं आणि मुलांना जसं सांगितलं, तसंच इथे मांडतेय.

आपण मुलांना पदार्थाच्या तीन अवस्था शिकवतो. स्थायू, द्रव, वायू. मैदानावर नेऊन खेळही घेतो. प्रार्थनेच्या रांगेत उभी असलेली मुलं म्हणजे स्थायू : जागाही ठरलेली आणि तोंडही एकाच दिशेला. मधल्या सुट्टीत धावणारी मुलं म्हणजे द्रव : ना जागा ठरलेली, ना दिशा. पण यांच्या मधलं काही असू शकतं का? जागा सोडून चालतायत, पण तोंड मात्र सगळ्यांचं एकाच दिशेला?

असतं ना. दिंडी! शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी पुढे जाते, ती मुलांनी पाहिलेली असते. वारकरी पुढेमागे होतात, कुणी मागे राहतो, कुणी शेजारच्याला ओलांडून जातो. वाहत्या पाण्यासारखी दिंडी सरकत असते, पण सगळ्यांची तोंडं पंढरपूरकडे. काही पदार्थांचे रेणू काडीसारखे लांबट असतात आणि ते नेमके असेच वागतात. पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण रेणूंची दिशा स्फटिकासारखी एक असते. म्हणून त्याला द्रवस्फटिक म्हणतात. एलसीडी या तीन अक्षरांतली पहिली दोन याच द्रवस्फटिकाची आहेत.

याचा शोध एका वनस्पतिशास्त्रज्ञाला लागला. फ्रीडरिश राइनिट्झर हे त्यांचं नाव. ते प्राग शहरात काम करत. गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलपासून तयार केलेला एक पदार्थ ते १८८८ साली तापवून पाहत होते. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळला, पण त्याचा द्रव गढूळ होता. आणखी तापवला तेव्हा १७८.५ अंशांना तो अचानक नितळ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! थंड होताना त्यात निळे-जांभळे रंगही चमकून गेले. ते गोंधळले आणि त्यांनी ऑटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ओळखलं की हा वाहणारा स्फटिक आहे. पुढची कित्येक दशकं हे प्रकरण प्रयोगशाळेतली एक गंमत म्हणूनच राहिलं.

या विषयात आपल्या विदर्भाचाही एक धागा आहे आणि तो मुलांना जरूर सांगा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर या शास्त्रज्ञांनी १९५१ साली नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. केलं आणि विद्यापीठात पहिले आले. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करून डी.एस्सी.ही नागपूर विद्यापीठाचीच मिळवली. ते रामन यांचे भाचे. (नोबेल मिळालेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे, ते रामन यांचे पुतणे. माझाही या दोन नावांत आधी घोळ झाला होता.) पुढे त्यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोपर्यंत सगळ्यांचा समज होता की द्रवस्फटिक व्हायला रेणू काडीसारखाच लागतो. १९७७ साली चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी दाखवून दिलं की चपट्या, चकतीसारख्या रेणूंचाही द्रवस्फटिक होतो. भाकरीची चवड रचावी तशा त्या चकत्या एकावर एक बसतात. जगाच्या पाठ्यपुस्तकांत हा शोध भारताच्या नावावर आहे.

आपल्या पाटीतले रेणू मात्र काडीचेच आहेत, पण त्यांना एक खोड आहे. इथे दशक-एकक शिकवायच्या काड्या बाहेर काढा. आधी एक थर टेबलावर ठेवा, सगळ्या काड्या एका दिशेला. त्यावर दुसरा थर किंचित फिरवून ठेवा. तिसरा आणखी किंचित फिरवून. असं करत गेलात की गोल जिन्यासारखा पीळ तयार होतो. पाटीतल्या द्रवस्फटिकाला असा पीळ आपोआप पडतो. एक पूर्ण वेढा किती उंचीचा असतो? एका मिलिमीटरचे सुमारे तीन हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा. ही उंची हिरव्या प्रकाशाच्या मापाला बरोबर जुळते, म्हणून हा जिना उजेडातला हिरवा रंग तेवढा परत फेकतो आणि बाकीचे रंग आरपार जाऊ देतो. पीळ घट्ट असता तर पाटी निळी दिसली असती, सैल असता तर लाल.

म्हणजे पाटीत हिरवी शाई नाहीच! ही गोष्ट मुलांना पटत नाही, म्हणून मोरपीस आणा. मोरपिसातही हिरवा रंग भरलेला नसतो. तिथेही बारीक रचनेवरून परतणारा उजेडच हिरवा-निळा दिसतो. मग पाटी हातात घेऊन हळूहळू तिरपी करा. हिरवं अक्षर निळसर होत जातं. खडूचं अक्षर कुठूनही पाहा, पांढरंच राहतं. माझ्या वर्गातल्या एका पोराने यावर दिवसभर पाटी डोळ्यांसमोर झुलवत ठेवली होती.

मग लिहिताना काय होतं आणि पुसताना काय होतं?

बटण दाबलं की आतल्या दोन पारदर्शक थरांमध्ये क्षणभर वीज जाते. त्या झटक्याने हे सगळे जिने आडवेतिडवे पडतात. पडलेल्या जिन्यांवरून हिरवा उजेड नीट परत येत नाही. उजेड आरपार जाऊन पाठीमागच्या काळ्या थरात मुरतो, म्हणून पाटी काळी दिसते. काडीने दाबलं की तेवढ्या रेषेपुरता द्रव सरकतो आणि सरकता सरकता जिने पुन्हा सरळ उभे राहतात. तेवढीच रेषा हिरवी.

आणि एकदा उभे राहिले की उभेच, पडले की पडलेलेच. तसं राहायला वीज लागत नाही. हे दाखवायला मोठ्या माणसाने पाटीचा सेल काढून ठेवावा. सेलशिवायही पाटीवर लिहिता येतं! फक्त पुसता येत नाही. हा प्रयोग मी वर्गात केला तेव्हा मुलांपेक्षा आमचे मुख्याध्यापकच जास्त चकित झाले. एवढासा सेल महिनोन्महिने पुरतो तो यामुळेच. तो फक्त पुसायच्या क्षणी खर्ची पडतो. आणि दोन्ही बाजूंचा विजेचा थर अख्ख्या पाटीभर एकसलग असल्यामुळे एकच चुकलेलं अक्षर पुसता येत नाही. पुसलं तर सगळंच जातं.

आता बहुवारिकाकडे, म्हणजे पॉलिमरकडे येऊ. प्लॅस्टिक हा त्याचाच एक प्रकार. पाटीच्या वरचा लवचीक पापुद्रा पॉलिमरचा आहे हे उघडच दिसतं, कारण काचेचा असता तर दाबला गेला नसता. पण खरं काम आतल्या पॉलिमरचं आहे. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी बोटाने दाबून पाहा. पाणी सगळीकडे पळतं, बोटाची रेघ राहत नाही. पाटीत नुसता द्रव असता तर 'क' काढताच सगळी पाटी हिरवी झाली असती. म्हणून द्रवस्फटिकात पॉलिमरचा कच्चा माल मिसळतात आणि त्यावर अतिनील किरण टाकतात. त्याने पॉलिमरची अतिशय बारीक जाळी तयार होते आणि द्रव तिच्यात अडकून बसतो. ओल्या स्पंजातलं पाणी दाबू तिथेच हलतं, तसं हे. अक्षराच्या कडा रेखीव दिसतात त्या या जाळीमुळे.

द्रवस्फटिक आणि पॉलिमर एकत्र नांदवायची ही विद्या मुख्यतः अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, केंट या छोट्या गावच्या विद्यापीठात वाढली. तिथे १९६५ साली खास द्रवस्फटिकांसाठी संस्था निघाली. त्याच गावातल्या केंट डिस्प्लेज या कंपनीने २०१० साली 'बूगी बोर्ड' नावाची पाटी बाजारात आणली. आज आपल्या हातात असलेल्या स्वस्त पाट्या त्याच तत्त्वावर चालतात.

इथवर वाचून एखादा पालक विचारेल, अनेक मोबाईलही एलसीडीच, मग फरक काय? अशा मोबाईलच्या पडद्यामागे दिवा असतो. आपला डोळा त्या दिव्याचा उजेड बघतो. म्हणून भर दुपारी सोयाबीनच्या शेतात फोन आला की नंबर दिसत नाही, तळहाताची सावली करावी लागते. पाटीत दिवाच नाही. बाहेरचा उजेड परत फेकून ती दिसते, कागदासारखी. ऊन जेवढं जास्त तेवढी स्पष्ट, आणि रात्री लाईट गेली की काहीच नाही. कृषी केंद्रातला कॅल्क्युलेटर आणि हातातलं साधं डिजिटल घड्याळही परत आलेल्या उजेडावरच चालतं. फक्त त्यांची आतली रचना वेगळी आहे, आणि आकडे दिसत राहायला त्यांना सतत थोडी थोडी वीज लागते.

आता पुन्हा पत्र्यावर ठेवलेल्या पाटीकडे.

दिंडीत शिस्त असते ती एका मर्यादेपर्यंत. राइनिट्झर यांचा पदार्थ १७८.५ अंशांना नितळ झाला, म्हणजे त्यातल्या रेणूंनी दिशा सोडली आणि तो साधा द्रव झाला. प्रत्येक द्रवस्फटिकाचा असा एक बिंदू असतो. १९७३ साली इंग्लंडच्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी घड्याळा-कॅल्क्युलेटरांना चालेल असा टिकाऊ द्रवस्फटिक शोधला. तो साधारण २४ ते ३५ अंशांमध्येच द्रवस्फटिक राहतो. आपल्याकडे मार्च उजाडताच त्याची दिंडी मोडली असती! म्हणून दोन-चार पदार्थांचं मिश्रण करून ही मर्यादा वर नेतात. मिश्रण कोणतं यावर ती ठरते. पाटीच्या खोक्यावर वापराचं तापमान छापलेलं असलं तर बघा. आपल्याकडे मे महिन्यात नुसती हवाच ४३-४४ अंशांवर जाते. उन्हातला पत्रा किंवा बंद गाडीतली डॅशबोर्डची जागा त्याहून कितीतरी तापते.

त्या मर्यादेपलीकडे पाटीतले जिने पडतही नाहीत नि उभेही राहत नाहीत, जिनेच उरत नाहीत. थंड झाल्यावर रेणू पुन्हा रांग धरतात, पण पाटीभर एकसारखी. आधी कुठे 'माझं गाव' लिहिलं होतं याची आठवण त्यांना राहत नाही. म्हणून अक्षर परत येत नाही.

वर्गात हे उन्हाशिवायही दाखवता येतं. पाटीवर मोठी अक्षरं लिहा. स्टीलच्या वाटीत कढत पाणी घ्या आणि ती अक्षरांवर मिनिटभर ठेवा. पाणी शिक्षकांनीच हाताळावं. वाटी उचलली की गोल जागा मोकळी झालेली दिसेल आणि तिथलं अक्षर गेलेलं असेल. आमच्याकडच्या दोन पाट्यांपैकी एकीत त्या जागी फिकट हिरवट छटा राहिली, दुसरी काळीच राहिली. तुमची कशी वागते ते बघा. जुनी पाटी घ्या, कारण वारंवार तापवून ती खराबही होईल.

हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तो त्या मुलीलाच पुढे बोलावून. वाटी तिने उचलली. मग मी सगळ्या वर्गासमोर तिला म्हणाले, "बाळा, तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं." वर्ग या वेळी हसला नाही. फळ्यावर मी 'वितळणे' लिहिलं आणि शेजारी तिचा 'वितयणे'. आपली वऱ्हाडी बोली फळ्यावर आली की मुलांचे चेहरे कसे होतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ती मात्र हळूच म्हणाली, "पण मॅडम, पंधरा वाक्यं तं गेलीच ना?" गेलीच होती. शाळेच्या कपाटातून एक वही काढून तिला दिली.

पालकांसाठी दोन गोष्टी. गृहपाठ या पाटीवर करू देऊ नका. ऊन सोडा, दप्तरात पुस्तकांखाली दाबली गेली तरी नको त्या हिरव्या रेघा उमटतात आणि लिहिलेलं वाचता येत नाही. कच्चं काम, चित्रं, पाढ्यांचा सराव यासाठी मात्र छान. पहिली-दुसरीला मला अजूनही दगडी पाटीच बरी वाटते. तिच्यावर चुकलेलं एक अक्षर बोटाने पुसून मूल शेजारचं बरोबर अक्षर पाहत बसतं. बटणाच्या पाटीवर चूक दिसायच्या आतच नाहीशी होते. काही शिक्षकमित्रांचं मत याउलट आहे. त्यांचं म्हणणं, चूक सहज पुसता येते म्हणून मुलं लिहायला घाबरत नाहीत. तेही खोटं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंय का ते आज घरी गेल्यावर पाहा. नाण्यासारखा तो चपटा सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. झाकण सैल असेल तर सेल काढून टाका. मूल लिहू शकेलच, पुसण्यापुरता तुम्ही लावून द्या.

प्रयोगानंतर वर्गातून प्रश्न आला, "मॅडम, मग फ्रीजमधी ठेवली तं?" मला उत्तर माहीत नव्हतं. गावातल्या किराणा दुकानात कुल्फीचा फ्रीजर आहे. मधल्या सुट्टीत आम्ही पाचजण गेलो, पाटीवर प्रत्येकाचं नाव लिहिलं, पिशवीत घालून कुल्फ्यांवर ठेवली. वीस मिनिटांनी काढली. नावं जशीच्या तशी. बटण दाबलं, तर अर्धीमुर्धी पुसली, अर्धी तशीच राहिली. गारठलेला द्रव जाडसर होतो आणि जिने लवकर पडत नाहीत, असा अंदाज मी सांगितला. दुकानाच्या पायरीवर पाटी मांडीवर घेऊन आम्ही थांबलो. पाटी हाताला कोमट लागल्यावर त्या मुलीने पुन्हा बटण दाबलं आणि सगळी नावं एकदम गेली.